लाल पाचरीतली तीन मिनिटं

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळी गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला लागले, त्या पहिल्याच सकाळी माझे वरिष्ठ माझ्याशी बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबले. "ही जी निळी वायर आहे ना, ती..." एवढं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि गप्प झाले. मला वाटलं, झटका आला. मी धावत जाऊन पाणी आणलं. त्यांनी हातानेच 'बस' अशी खूण केली. टेबलावरचा फोन वाजला, वाजून वाजून थांबला. चहावाल्या मावशींनी कप ठेवला आणि जणू रोजचंच असल्यासारख्या न बोलता निघून गेल्या. तीन मिनिटांनी साहेबांनी मान हलवली आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं, "...ती हॉलकडे जाते."

मग माझ्या हातातला पाण्याचा ग्लास बघून म्हणाले, "घाबरलीस काय गो? मेलो नाय हां मी. पावणेदहा झाले होते."

पावणेदहा झाले की माणसाने गप्प का बसावं, हे कळायला मला दुपारचा डबा खाईपर्यंत थांबावं लागलं. तेवीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. मांडवीच्या जेटीजवळ घर, तीन पिढ्या दर्यावर. जहाजावर दर तासाला दोनदा, सव्वाला आणि पाऊणला, तीन तीन मिनिटं सगळ्या रेडिओवाल्यांनी हात आवरायचे असा नियम होता. कुणी काही पाठवायचं नाही, नुसतं ऐकायचं. एखादं बुडतं जहाज फार लांबून, फार बारीक आवाजात हाक मारत असलं, तर इतरांच्या गलबल्यात ती ऐकूच यायची नाही, म्हणून. रेडिओच्या केबिनमधल्या घड्याळावर ती तीन तीन मिनिटं लाल पाचरीसारखी रंगवलेली असत.

"त्या तीन मिनिटांत बुडणाऱ्याने बोलायचां," ते म्हणाले. "बाकीच्यांनी थोबाड बंद."

पुढे उपग्रह आले. बटण दाबलं की संकटाचा निरोप आपोआप जाऊ लागला आणि नव्व्याण्णव साली जहाजांना रेडिओ ऑफिसरची गरज उरली नाही. हे घरी आले. कंपनीला तेव्हा कॉम्प्युटर आणि त्यांच्या वायरी बघणारा कुणीतरी हवा होता, आणि ह्यांना वायरी कळत होत्या. दरवर्षी नव्याने करार करायचा अशा बोलीवर ते लागले. आल्या आल्या त्यांनी पहिलं काम केलं ते हे, की बायकोची, म्हणजे आमच्या काकींची, नेलपॉलिशची बाटली आणून ऑफिसच्या घड्याळावर दोन लाल पाचरी रंगवल्या. मॅनेजरने विचारलं, हे काय? ते म्हणाले, "सवय." मॅनेजरने पुढे काही विचारलं नाही, कारण तितक्यात सव्वा झाला.

कंपनीत सगळे त्यांना 'रेडिओसाहेब' म्हणत. मी सुरुवातीला सर म्हणत असे. त्यांनीच ते मोडून काढलं. "सर नको. जहाजावर कप्तान सर म्हणाला की समजायचां, आज भांडण." मग मी काका म्हणू लागले आणि ते मला बाय म्हणू लागले.

त्यांच्या गप्प बसण्याच्या कथा मिरजोळ्यात सगळ्यांना पाठ होत्या. सगळ्यात गाजलेली त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीची. मुलाकडची माणसं चिपळूणची. लग्न आमच्याकडेच झालं पाहिजे, तुम्ही सगळे तिकडे या, असा त्यांचा आग्रह. मुलाचे मामा बराच वेळ बोलले आणि शेवटी म्हणाले, "आता तुमचं काय म्हणणं ते सांगा." तेव्हा नेमके पावणेबारा झाले. काका हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले. मामा दोनदा खाकरले. मुलाच्या आईने पदर सावरला. दुसऱ्या मिनिटाला मामा म्हणाले, "नाही, म्हणजे आमचा हट्ट नाही हो." तिसरं मिनिट संपायच्या आत लग्न रत्नागिरीला करायचं ठरलं होतं. काका तोंड उघडून जे सांगणार होते ते असं, की चिपळूण चालेल. काकी ही गोष्ट सांगत तेव्हा त्यांना हसू आवरत नसे.

दुसरी सवय लॉगची. लाल कापडी पाठीची जाड वही, आणि तिच्यात घडेल ते वेळेसकट लिहायचं. 'नऊ दहा. हॉलचा प्रिंटर बंद. नऊ चौदा. चालू. कागद अडकला होता.' 'दहा वीस. चहा. साखर कमी.' खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही, आणि खोटं लिहायचं नाही. "लॉगमध्ये माणूस खोटां लिहीत नाय," ते सांगत. "आईशी बोलेल, लॉगशी नाय."

आणि तिसरी सवय बोटाची. आपण काही सांगितलं की ते हो म्हणत नसत, मानही हलवत नसत. टेबलावर बोटाने वाजवत, एक आखूड, एक लांब, एक आखूड. टक्, टाक्, टक्. हे मोर्स लिपीतलं 'आर' अक्षर. मी एकदा विचारलं, "म्हणजे हो का?" तर म्हणाले, "हो नव्हे. कबूलही नव्हे. पोचलां, एवढांच." मला तेव्हा हे फार तुसडं वाटलं होतं. मी तेवीस वर्षांची, पदविकेचं प्रमाणपत्र नुकतंच लॅमिनेट करून घेतलेली. कुणीतरी शाबास म्हणावं असं मला दिवसातून चारदा वाटे.

आमचं काम समजावं म्हणून थोडं सांगते. ऑफिस, कोळंबी सोलायचा हॉल आणि मशीन रूम अशा तीन जागी तीन स्विच होते. स्विच म्हणजे कॉम्प्युटरच्या वायरी एकत्र येतात तो डबा. तिन्ही डबे वायरींनी त्रिकोणात जोडलेले, का तर एक वायर तुटली तरी दुसऱ्या वाटेने जाता यावं. पण तिन्ही वाटा एकदम उघड्या राहिल्या तर तोच निरोप गरगर फिरत राहतो आणि सगळंच ठप्प होतं. म्हणून स्विच आपसात ठरवून एक वाट मिटून ठेवतात आणि दुसरी तुटली की ती उघडतात. ह्या ठरवाठरवीला स्पॅनिंग ट्री म्हणतात. शिवाय एकाच वायरीतून तीन वेगवेगळ्या व्हीलॅन, म्हणजे एकमेकींत न मिसळणाऱ्या निरोपांच्या रांगा, जात, ऑफिसच्या कॉम्प्युटरांची एक, थंडीच्या नोंदींची एक आणि गॅसच्या सेन्सरची एक. अशा सामाईक वायरीला ट्रंक म्हणायचं. काका म्हणत, "कंपनीची बस गो ती. बस एकच, पण कोण कुठे उतरणार तां पासावर लिहिलेलां."

जुन्या स्विचवर मिटलेली वाट उघडायला तीस सेकंद लागत, कधी पन्नासही. आधी स्विच पंधरा सेकंद नुसता ऐके, मग पंधरा सेकंद कोण कुठे आहे ते शिकून घेई. पडद्यावर चक्क 'लिसनिंग' असं लिहून येई. काकांना ते वाचून इतका आनंद होई की ते मला मुद्दाम हाक मारून दाखवत. "बघ, बोलण्याआधी ऐकतांय. ह्याला घरचां वळण हाय."

पण हॉलच्या बाबतीत त्यांचं मत वेगळं होतं. मासळी गोठवायच्या यंत्रांत अमोनिया असतो. मी लागायच्या आधी एकदा मशीन रूममधला व्हॉल्व्ह गळला आणि वास हॉलमध्ये शिरला. दीडशे बायका डोळ्यांना पदर लावून दारात एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. त्या दिवशी एकीचा हात मोडला. नंतर हॉलमध्ये गॅसचे सेन्सर लागले आणि त्यांचे आकडे ऑफिसमधल्या पडद्यावर येऊ लागले, तिथून भोंगा वाजवता यायचा. आता वायर तुटली आणि तीस सेकंद आकडे जागच्या जागी थिजले, तर पडद्यासमोरच्या माणसाला वाटणार, सगळं ठीक आहे.

"अमोनिया तीस सेकंद थांबतो काय?" काका मॅनेजरच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले होते. "बुडणाऱ्याला कोण सांगतां, जरा दम धर, आमचां ऐकून होऊ दे?"

नव्या पद्धतीचे, चटकन वाट उघडणारे स्विच त्यांनीच भांडून आणवले. माल घेणाऱ्या परदेशी पार्टीनेही तीच अट घातली होती. कुठलीही एक वायर काढली तरी हॉलचे आकडे पाच सेकंदांत परत हलायला लागले पाहिजेत. त्यांची माणसं तपासणीला येणार होती, आणि आठ दिवस आधी मॅनेजरने रंगीत तालीम ठेवली.

मॅनेजरने स्वतः ऑफिस आणि मशीन रूम यांच्यामधली वायर उपटली. आकडे डोळ्याचं पातं लवायच्या आत हलले. मॅनेजर खूश. मग ती परत लावून त्याने ऑफिस आणि हॉल यांच्यामधली उपटली. हॉलचे आकडे थांबले. आम्ही सगळे पडद्याकडे बघत उभे. काका मनातल्या मनात मोजत होते, त्यांचे ओठ हलत होते. आकडे हलले तेव्हा ते म्हणाले, "तीस."

मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या मानेवर मालक बसलेला होता. तो म्हणाला, "रेडिओसाहेब, हे स्विच तुमच्या शब्दावर घेतले. तपासणीच्या दिवशी असं झालं तर मी पुण्याची एजन्सी बोलावणार, आणि तुम्ही घरी आराम करायचा." काकांनी टेबलावर बोट वाजवलं. टक्, टाक्, टक्. एका नोकरीतून ह्या माणसाला एका बटणाने घालवलं होतं. दुसरी जायला आठ दिवस होते. छप्पन्नाव्या वर्षी रत्नागिरीत तिसरी कोण देणार होतं?

पुढच्या दिवसांत मी त्यांच्यासोबत जेवढं शिकले तेवढं नंतर कुठे शिकले नाही. मी ट्रंकच्या याद्या तपासत होते, एखादी व्हीलॅन बसमध्ये चढायचीच राहिली आहे का म्हणून. ते मात्र खुर्चीत बसून पुन्हा पुन्हा ती एकच वायर काढायला लावत आणि मोजत. दहा वेळा, वीस वेळा. प्रत्येक वेळी तीस.

"एकोणतीस नाय, एकतीस नाय," ते म्हणाले. "बिघाड असा नसतो बाय. बिघाड कधी बारा सेकंद घेतो, कधी चाळीस. बरोब्बर तीस म्हणजे कोणतरी नियमाने थांबलाय. त्याला कसला तरी संशय हाय, म्हणून तो जुन्या वळणावर गेलाय. पण एका बाजूने झटकन, दुसऱ्या बाजूने तीस. म्हणजे हॉल आणि मशीन रूमच्या मधल्या वायरीत काय ते हाय."

आणि मग त्यांनी मला विचारलं, "त्या वायरीचां मशीन रूमकडचां टोक तू हाताने बांधलंयस ना?"

मी म्हणाले, "हो काका."

इथे मला थांबून दोन गोष्टी सांगायला हव्यात. 'आपोआप' ह्या शब्दाने काकांची नोकरी गेली होती आणि तो शब्द त्यांना सोसत नसे. स्विचच्या प्रत्येक टोकाला आपण किती वेगाने आणि कसं बोलायचं हे हाताने ठरवून देता येतं, किंवा 'ऑटो' वर ठेवून दोन्ही टोकांना आपसात ठरवू देता येतं. काका सगळी टोकं हाताने बांधत. प्रत्येक स्विचच्या पेटीच्या दाराला आतून त्यांनी लाल शाईने लिहिलेलं कार्ड चिकटवलं होतं, 'इथे काहीही आपोआप नाही. दोन्ही टोकं हाताने.' ही एक गोष्ट.

दुसरी अशी, की महिन्यापूर्वी ते मुलीच्या बाळंतपणासाठी चिपळूणला गेले असताना मशीन रूमचा नवाकोरा स्विच व्होल्टेजच्या झटक्याने जळला होता. तो मी एकटीने बदलला. दारावरचं कार्ड वाचलं आणि हसले. ऑटोच चांगलं, हाताने बांधणं मागासलेलं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. मी टोक ऑटोवर ठेवलं आणि लॉगमध्ये लिहिलं, 'मशीन रूमचा स्विच बदलला. चालू.' परत आल्यावर काकांनी ते वाचलं आणि बोट वाजवलं.

त्यांनी विचारलं तेव्हा मला हे सगळं आठवत होतं असं नाही. पण अजिबात आठवत नव्हतं असंही म्हणवत नाही. ओरडा बसू नये म्हणून माणूस जसं पटकन हो म्हणतो तसं मी म्हटलं. आणि माझ्या शब्दावर त्यांनी तो स्विच उघडून पाहिलाच नाही. पुढचे चार दिवस ते दुसरीकडेच शोधत राहिले. काकी सांगत होत्या, जेवताना ताटातल्या भाताकडे बघून मोजतात.

तपासणीच्या आदल्या सकाळी मी मशीन रूममध्ये गेले, लॅपटॉप जोडला आणि त्या टोकाची माहिती उघडली. वेग ठीक होता. त्याच्या खाली एक शब्द होता, 'हाफ'.

हॉलकडचं टोक काकांनी हाताने 'फुल' वर बांधलेलं, म्हणजे बोलणं आणि ऐकणं दोन्ही एकदम. हाताने बांधलेलं टोक वाटाघाटी करत नाही. माझं ऑटोवालं टोक बिचारं विचारत राहिलं, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने सावधपणे 'हाफ' धरलं, एका वेळी एकानेच बोलायचं. आणि हाफ दिसलं की नव्या पद्धतीचा स्विचही म्हणतो, पलीकडे कोण कोण आहे ते मला नक्की माहीत नाही, मी जुन्या नियमाने थांबतो. तीस सेकंद. काका म्हणाले होते तसा संशय, अगदी तसाच.

दुरुस्ती दोन रीतींनी करता येत होती. माझं टोक काकांसारखं हाताने बांधायचं, नाहीतर त्यांचं टोक माझ्यासारखं ऑटोवर करायचं. माझं बदललं असतं तर तसं लॉगमध्ये लिहावं लागलं असतं आणि माझं 'हो काका' खोटं पडलं असतं. मी अजून प्रोबेशनवर होते. मी हॉलमध्ये गेले आणि त्यांचं टोक बदललं. मग ऑफिसमधल्या एका पोरीला हॉलकडची वायर काढायला सांगून फोनवर विचारलं. आकडे लगेच हलले होते.

लॉगमध्ये मी लिहिलं, 'दहा चाळीस. हॉलच्या स्विचवर हाताने ठेवलेली सेटिंग काढली. आता वेळ दोन सेकंदांच्या आत.' ह्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. मी ते तीनदा वाचून खात्री करून घेतली होती.

काका अकराला आले. वही त्यांनी उभ्यानेच वाचली. मग बसले आणि परत वाचली. माझ्याकडे पाहिलं नाही. सव्वा झाला, ते गप्प झाले, आणि अठरा झाले तरी बोलले नाहीत. तेवढ्यात मॅनेजर आत आला. तपासणीच्या फाइलीत लावायला त्याला लॉगचं पान हवं होतं. त्याने नोंद वाचली आणि त्याचा चेहरा उजळला, मग हळूहळू बदलला.

"म्हणजे रेडिओसाहेब, आठ दिवस तुम्ही स्वतःच मारलेली गाठ शोधत होता?"

काकांनी पेनाला टोपण लावलं.

"ह्या मुलीने सोडवली म्हणून बरं," मॅनेजर म्हणाला. "नाहीतर उद्या माझी शोभा झाली असती. खरं सांगू का, आता तुम्ही विश्रांतीच घ्या. ह्या वर्षीचा करार संपेपर्यंत बघू, पुढे ही आहेच."

घड्याळात तेव्हा अकरा वीस झाले होते. लाल पाचर संपून दोन मिनिटं झाली होती आणि बोलायला कुणाची मनाई नव्हती. मी माझ्या वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. काकांनी टेबलावर बोट वाजवलं. टक्, टाक्, टक्. ते मॅनेजरला होतं की मला, हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीची तपासणी छान झाली. परदेशी पाहुण्यांनी दोन्ही वायरी काढून पाहिल्या, टाळ्या वाजवल्या आणि कोळंबीचं सार मागून घेऊन प्यायले. दोन महिन्यांनी काकांचा करार संपला. निघताना त्यांनी मला पेट्यांच्या किल्ल्या दिल्या, लॉगची वही दिली आणि चहावाल्या मावशींना सांगितलं, "हिच्या चहात साखर बघून घाला गो. ही बोलत नाय." घड्याळ त्यांनी नेलं नाही. मी त्यांच्या खुर्चीवर बसू लागले आणि दर सव्वा-पाऊणला ती नेलपॉलिशची पाचर माझ्याकडे बघू लागली. दोनदा मी थिनर आणि कापूस घेऊन स्टुलावर चढले. दोन्ही वेळा तशीच उतरले.

त्या पाचरीखाली मी तीन वर्षं काढली. त्या काळात मांडवीला मी एकदाही गेले नाही. रत्नागिरीत राहून मांडवीला न जाणं ही सोपी गोष्ट नाही. पाहुणे आले, भेळ खायला चला म्हणाले, की मला नेमकं डोकं दुखायचं. मग मला पुण्याला नोकरी लागली. सामान बांधून झालं आणि शेवटच्या संध्याकाळी पाय आपोआप जेटीकडे वळले. हा शब्द काकांना आवडला नसता.

ते जेटीच्या कट्ट्यावर बसले होते. बाजूला एका होडीवाल्याचा वायरलेस सेट उघडा पडला होता आणि ते त्यातला एक स्क्रू चष्म्याजवळ धरून बघत होते. केस सगळे पांढरे झाले होते. मला बघून म्हणाले, "काय गो बाय, वाट चुकलीस?" मी त्यांच्या शेजारी बसले. नात आता शाळेत जायला लागली, काकींचा गुडघा दुखतो, मिरकरवाड्याचे सगळे होडीवाले सेट दुरुस्तीला आणतात, असं ते सांगत राहिले. मी पुण्याचं सांगितलं. त्यांनी कंपनीतलं काही विचारलं नाही. माझं लक्ष त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे होतं. मी येताना रस्त्यात जे ठरवलं होतं ते मला एरवी बोलता आलं नसतं. त्यांनी मध्येच 'जाऊ दे गो' म्हटलं असतं, आणि मी ते जाऊ दिलं असतं.

पावणेसहा झाले. काकांनी वाक्य अर्धं सोडलं, स्क्रू खाली ठेवला, हात मांडीवर ठेवले.

मी बोलायला लागले. मशीन रूमचं टोक मी ऑटोवर ठेवलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी न बघता हो म्हणाले. मग बघितलं, आणि तरी तुमचं टोक बदललं, कारण माझं बदललं असतं तर कळलं असतं. लॉगमध्ये लिहिलेलं सगळं खरं होतं आणि मी ते खोटं म्हणून लिहिलं. मॅनेजर बोलला तेव्हा मी गप्प बसले. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. इतकं बोलायला दीड मिनिटही लागलं नाही. उरलेल्या वेळात मी रडत होते, आणि जेटीवरची माणसं बघत होती, त्याची मला पर्वा वाटली नाही.

ते समुद्राकडे बघत होते. तोंड बंद, हात मांडीवर. मग उजव्या हाताचं बोट उचललं गेलं आणि कट्ट्याच्या जांभ्या दगडावर वाजलं. टक्, टाक्, टक्. थोडं थांबून परत, आणि परत. लाल पाचरीत त्यांनी कुणाला उत्तर दिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पाच अठ्ठेचाळीस झाले. त्यांनी घड्याळ पाहिलं, चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"तू लिहिलंस त्याच दिवशी मी मशीन रूममध्ये जाऊन बघून आलेलो," ते म्हणाले. "सांगायचां तर तूच सांगायला हवां होतां. लॉगमधली नोंद तुझी होती."

मी हाताच्या पाठीने डोळे पुसले.

"तीस सेकंद उशीर झाला, म्हणून मला घरी बसवलानी," काका म्हणाले. "तू तीन वर्षां घेतलीस गो बाय!"

आणि ते इतके हसले, इतके हसले, की त्या होडीवाल्याचा स्क्रू कट्ट्यावरून घरंगळून पाण्यात पडला आणि मग अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं जेटीच्या दगडांत तो शोधत बसलो.